सल्ला सगळे देतात, शब्द कोण टाकतं?

जुन्या वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठात्यांच्या दालनात बहुधा एक लाकडी फलक असतो. त्या खुर्चीत आजवर कोण बसलं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, सगळं ओळीनं रंगवलेलं. त्यात बाईचं नाव शोधायचं तर नजर बरीच खाली आणावी लागते. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रज्ञा पै, डॉ. नीलिमा क्षीरसागर अशी नावं आहेत, म्हणजे दार अगदीच बंद आहे असं नाही. पण त्याच इमारतीच्या तळमजल्यावर केसपेपर काढण्यापासून ड्रेसिंगपर्यंत आणि बाळंतिणींच्या वॉर्डापासून रक्तपेढीपर्यंत जिकडे पाहावं तिकडे बायकाच राबताना दिसतात. जिना चढत जाल तसतशा त्या कमी होत जातात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली याच विसंगतीवर अहवाल काढला. जगभरातल्या आरोग्य आणि सामाजिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत आणि वरिष्ठ पदांवर त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे, असं त्यात म्हटलं होतं. २०२२ मध्ये तिनं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसोबत पगारांचा हिशेब मांडला, तेव्हा या क्षेत्रातल्या बायकांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी निघाली. आपल्याकडे सुधीर आनंद आणि व्हिक्टोरिया फॅन यांनी २००१ च्या जनगणनेतून काढलेलं चित्र असं होतं: परिचारिका आणि सुईणींमध्ये ८३ टक्के स्त्रिया, अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांमध्ये जेमतेम १७ टक्के. त्यानंतर एमबीबीएसचे वर्ग पार बदलले. आता बऱ्याच महाविद्यालयांत मुली निम्म्या असतात, काही ठिकाणी जास्तच.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं. थोडी कळ काढा, आज वर्गात निम्म्या आहेत म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी खुर्च्यांवरही निम्म्या असतील. मला हे पटत नाही. परिचर्येत बायका शंभराहून अधिक वर्षं बहुसंख्य आहेत, तरी रुग्णालयाचा कारभार त्यांच्या हाती कधी आला नाही. संख्या वाढली म्हणून सत्ता आपोआप सरकत नाही. ती कुणीतरी कुणाला तरी द्यावी लागते, किंवा ती कुणाला मिळेल याचे नियम लिहून ठेवावे लागतात. या लेखात जी उदाहरणं घेतली आहेत त्यांतून मला हे दोनच मार्ग दिसतात. मार्गदर्शन, मेंटॉरशिप, पाठीवर हात या सगळ्या शब्दांची किंमतही त्यावरच ठरवावी.

सुरुवात अर्थात आनंदीबाई जोशींपासून. त्यांची कथा आपण नवऱ्याच्या हट्टाची आणि बायकोच्या सोशिकतेची म्हणून सांगतो. पण गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या दवाखान्यात बसल्या बसल्या वाचलं, इथून खरा रस्ता उघडला. त्या बाईंनी अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला आणि १८८३ मध्ये ती अमेरिकेत उतरल्यावर तिला घरात ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली पाठीशी उभ्या राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांना आधीच देऊ केलेली होती. ती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच रुग्णालयात नंतर डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी काम केलं, पण त्यांचं नाव आता कोल्हापूरबाहेर फारसं कुणाला आठवत नाही.

आनंदीबाईंपेक्षा रखमाबाईंची गोष्ट या विषयाला जास्त जवळची आहे, कारण त्यांनी प्रत्यक्ष पस्तीसेक वर्षं दवाखाना चालवला. लहानपणी लावून दिलेलं लग्न नांदायला नकार दिला म्हणून १८८४ पासून १८८८ पर्यंत त्यांच्यावर खटला चालला. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी होते. घरात वैद्यक होतं, पुस्तकं होती. कमी होती ती बाहेर कुणीतरी शब्द टाकण्याची. ते काम केलं डॉ. एडिथ पीची यांनी.

पीची यांना नकाराची चव पुरेपूर माहीत होती. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात शिरलेल्या सात मुलींपैकी त्या एक. रसायनशास्त्रात अव्वल येऊनही बाई म्हणून होप शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली होती. १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याची सूत्रं त्यांच्याकडे होती. या रुग्णालयामागची कल्पनाच धाडसी होती: बायकांसाठी रुग्णालय आणि तिथल्या डॉक्टरही बायकाच. त्यामुळे वरचं पद पुरुषाकडे जाण्याचा प्रश्नच उरत नव्हता. रखमाबाईंना लंडनच्या स्त्री वैद्यकीय विद्यालयात पाठवण्यासाठी पीची यांनी नुसतं प्रोत्साहन दिलं नाही. ओळखी, पैसा आणि स्वतःचं नाव पणाला लावलं. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि मग राजकोट इथं त्यांनी निवृत्तीपर्यंत स्त्रियांची रुग्णालयं सांभाळली. १९१८ च्या सुमारास वरच्या सरकारी वैद्यकीय सेवेत येण्याचं निमंत्रण त्यांनी नाकारलं. राजकोटचं संस्थानी रुग्णालय त्यांना बरं वाटलं. पद म्हणजेच नेतृत्व असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

कामा हॉस्पिटलची साखळी इथं तुटली नाही. पीचींच्या नंतरच्या पिढीत तिथं डॉ. अ‍ॅनेट बेन्सन होत्या. घरातल्या आजारपणात त्यांचं काम पाहून एका बेने इस्रायल कुटुंबातल्या मुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं. ती म्हणजे जेरुशा झिराड. ग्रँट मेडिकल कॉलेज, मग लंडन, १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्रातली एम.डी. आणि १९२८ मध्ये त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. १९४७ पर्यंत त्या तिथं होत्या. हिशेब केला तर रुग्णालय उघडल्यापासून भारतीय बाई प्रमुख व्हायला ४२ वर्षं लागली, तेही ज्या इमारतीत सगळ्या डॉक्टर बायकाच होत्या अशा ठिकाणी. तिथं अडसर बाईपणाचा नव्हता, वर्णाचा आणि सत्तेचा होता. झिराडबाईंनी खुर्चीचा उपयोग कसा केला हेही पाहण्यासारखं आहे. मुंबईतल्या बाळंतिणी कशानं मरतात याची त्यांनी चौकशी केली, आणि तो अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठला प्रश्न तपासायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला होता.

बायकांनीच बायकांना वर आणलं असं मात्र नाही. पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, यांना कर्करोग संशोधनात आणलं ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. खानोलकर म्हणजे भारतातल्या पॅथॉलॉजीचे आद्य आचार्य. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्यावर कमलताई जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकायला गेल्या. परत आल्यावर खानोलकरांनी त्यांना प्रयोगशाळा उभारायला दिली. 'शाबास' म्हणणारे गुरू पुष्कळ भेटतात. खोली, उपकरणं, माणसं आणि चुका करण्याची मुभा देणारा विरळा. भारतात पेशीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा त्यांच्या हातून उभी राहिली आणि १९६६ ते १९७० या काळात त्यांनी खानोलकरांच्या कर्करोग संशोधन संस्थेचं संचालकपद सांभाळलं. परदेशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनी परत यावं म्हणून त्या मागे लागत, आणि आलेल्यांना जागा करून देत. १९७३ मध्ये त्यांनी इतर वैज्ञानिक स्त्रियांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीला या संघटनेची वास्तू आहे, तिथं व्याख्यानं होतातच, पण नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आहे आणि लहान मुलांसाठी पाळणाघर आहे. कुठलंही मेंटॉरशिपचं शिबिर मला या पाळणाघराच्या तोडीचं वाटत नाही.

आता रुग्णालयाच्या आत जाऊ. शस्त्रक्रियेच्या युनिटमध्ये हा सगळा व्यवहार उघड्या डोळ्यांनी दिसतो. निवासी डॉक्टर तिथं दोनच गोष्टी मोजतात, किती केसेस असिस्ट केल्या आणि किती स्वतःला मिळाल्या. 'केस मिळणं' म्हणजे टेबलाशी सर्जनच्या जागी उभं राहणं आणि चाकू आपल्या हातात येणं. सर समोरच्या बाजूला सरकतात, स्वतः रिट्रॅक्टर धरतात आणि 'हं, पुढे' एवढंच म्हणतात. रजिस्ट्रारला आधी अपेंडिक्स मिळतं, मग हर्निया, मग हळूहळू मोठ्या केसेस. हात बसतो तो असा. आणि मुलीच्या बाबतीत नेमके इथेच सर दयाळू होतात. रात्री दोनची इमर्जन्सी आहे, तू कशाला थांबतेस. लग्न ठरलंय ना, मग ही लांबलेली केस त्याला दे. दिवस गेलेत, एवढा वेळ उभी राहू नकोस. बोलण्यात काळजी असते, अपमान कुठेही नसतो. पण तीन वर्षांनी दोघांची लॉगबुकं शेजारी ठेवली की त्या काळजीची किंमत कळते. पुढं लेक्चररची जागा निघते तेव्हा 'त्याचा हात चांगला आहे' हे वाक्य कुठून येतं, तेही कळतं.

यात वयाचं गणित मिसळतं. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, प्रवेश परीक्षेच्या तयारीत गेलेला काळ, एम.डी. किंवा एम.एस.ची तीन, सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन. म्हणजे ज्या वयात संसार सुरू होतो नेमक्या त्याच वयात युनिटमध्ये जागा पक्की व्हायची असते. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. कायदा चांगला आहे. पण रजेवरून परतलेल्या बाईला तिचं ऑपरेशनचं टेबल परत मिळतं का, हे कायद्यात नाही. ते युनिट हेडच्या मनावर असतं.

मेंटॉरशिपवर संशोधन काय सांगतं? २००६ मध्ये संबुन्याक, स्ट्राउस आणि मारुशिच यांनी वैद्यकीय क्षेत्रातल्या मार्गदर्शनाबद्दलचे अभ्यास एकत्र करून 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आढावा प्रसिद्ध केला. निम्म्याहून कमी वैद्यकीय विद्यार्थ्यांना मार्गदर्शक होता, काही शाखांत पाचातल्या एका प्राध्यापकालाही नव्हता, आणि स्त्रियांना तो मिळवणं जास्त अवघड जात होतं. मार्गदर्शनाचा फायदा होतो असं बहुतेक जण सांगत होते. मात्र हा पुरावा बराचसा लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर उभा होता, हेही लेखकांनी लपवलं नाही. मग २०१० मध्ये हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वैद्यकाबाहेरच्या मोठ्या कंपन्यांचा अभ्यास करून, वर्मावर बोट ठेवलं. तिथं मार्गदर्शक बायकांना कमी मिळत नाहीत. पण पुरुषांचे मार्गदर्शक अधिक वरच्या पदावरचे असतात, आणि ते सल्ल्यावर थांबत नाहीत, बढतीच्या बैठकीत आपल्या माणसाचं नाव पुढं करतात. २०१७ मध्ये रेश्मा जगसी यांचा सहभाग असलेल्या अमेरिकी अभ्यासात संशोधन-अनुदान मिळवलेल्या डॉक्टरांना विचारलं गेलं: परिषदेत बोलायला, संपादक मंडळावर, समितीवर तुमचं नाव कुणी सुचवलं का? असं नाव सुचवलं गेल्याचे अनुभव पुरुषांकडे जास्त होते, आणि ज्यांच्याकडे ते होते त्यांची पुढची वाटचालही अधिक यशस्वी ठरली होती.

म्हणजे खानोलकरांनी जे केलं त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला आहे, आणि आपल्याकडे 'महिला नेतृत्व विकास' या नावाखाली जे चालतं त्याला तो मिळत नाही. अशा कार्यशाळा मला साधारण सारख्याच वाटतात. आत्मविश्वास कसा वाढवावा, वेळेचं नियोजन कसं करावं, नाही कसं म्हणावं. जणू बाईतच काहीतरी दुरुस्त करायचं आहे. सत्राच्या शेवटी प्रमाणपत्र आणि सामुदायिक छायाचित्र. ज्यांच्या हातात नेमणुका असतात ते दीपप्रज्वलन करून कधीच निघून गेलेले असतात.

याला एक चांगला अपवाद आहे, आणि तो नेमका आनंदीबाईंच्या महाविद्यालयातून आला. पेनसिल्व्हेनियाचं ते स्त्री महाविद्यालय १९७० मध्ये मुलांसाठीही खुलं झालं आणि पुढं विलीनीकरणं होत होत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात मिसळलं. जुना वारसा टिकावा म्हणून तिथं १९९५ मध्ये ईलॅम नावाचा वर्षभराचा कार्यक्रम सुरू झाला, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ज्येष्ठ प्राध्यापिकांसाठी. त्याची मेख अशी की उमेदवार बाईला तिच्या संस्थेनं पाठवावं लागतं आणि तिनं वर्षभर त्याच संस्थेतला एक खरा प्रश्न हाती घेऊन प्रकल्प करायचा असतो. म्हणजे शिक्षण बाईचं होतं आणि बांधिलकी अधिष्ठात्यांची होते. तिथून निघालेल्या अनेक जणी पुढं अधिष्ठात्या झाल्या. आपल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला हे करायला कुणाचीही आडकाठी नाही.

नियम लिहून ठेवण्याचा दुसरा मार्ग पाहायचा तर पुण्यातच जावं लागेल, वानवडीला, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात. पुनिता अरोरा तिथं १९६३ च्या तुकडीत दाखल झाल्या आणि २००४ मध्ये त्याच महाविद्यालयाच्या कमांडंट झाल्या, लेफ्टनंट जनरल या हुद्द्यानं. भारतीय सैन्यदलांत त्या हुद्द्यापर्यंत पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतर माधुरी कानिटकर: याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, मग अधिष्ठात्या, २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. २०२४ मध्ये साधना सक्सेना नायर लष्कराच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या आणि आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांच्या. लष्कराबद्दल आपला समज काहीही असो, तिथं हुद्दे, ज्येष्ठता, बढती मंडळ आणि वार्षिक अहवाल यांची चौकट कागदावर असते. बदली सगळ्यांचीच होते, त्यामुळे 'तिला घर आहे' हे कारण चालत नाही. वशिला तिथंही असेल. पण कुठल्या पायरीवर अडवलं ते निदान दाखवता येतं. खासगी रुग्णालयात किंवा पालिकेच्या महाविद्यालयात ते बहुधा दाखवताच येत नाही. दिल्लीच्या एम्सचं उदाहरण याच्या उलट आहे. १९८४ मध्ये डॉ. स्नेह भार्गव तिथल्या पहिल्या महिला संचालक झाल्या. त्यांच्यामागून दुसरी कुणी आली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलात आरती सरीन यांचा समावेश होता. नेतृत्वाच्या चर्चेत रात्रपाळीची खोली येत नाही, ती यायला हवी. केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ ला परिचारिका अरुणा शानभागवर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला ती जाईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी, एका पिढीनं दुसरीकडे सोपवत, तिची शुश्रूषा केली. जिथं दाराला कडी नाही तिथं रात्री कुणी बाई राहणार नाही. जी रात्री राहत नाही तिला केस मिळत नाही, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

परिचारिकांचा विषय निघाला आहे तर तो स्वतंत्रपणे बघू, कारण वैद्यकातल्या स्त्री-नेतृत्वावर लिहिणारे बहुतेक जण डॉक्टरांपाशीच थांबतात. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्याचं सेवासदन उभं राहिलं आणि त्यानं ससून रुग्णालयात मुलींना परिचर्येचं शिक्षण मिळवून दिलं. विधवा आणि परित्यक्ता मुलींनी परपुरुषांच्या अंगाला हात लावायचा, हे तेव्हाच्या पुण्याच्या पचनी पडणारं नव्हतं. रमाबाईंनी स्वतःची सगळी प्रतिष्ठा त्या मुलींच्या मागे उभी केली. शतकानंतर सरकारी रुग्णालयातली परिचारिकांची उतरंड अशी आहे: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. लोकांच्या तोंडी त्या अजून सिस्टर, इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रनच आहेत. मेट्रन झाली की रुग्णालयातली पायरी संपली. शेकडो माणसांच्या पाळ्या लावणारी, औषधांचा आणि चादरींचा हिशेब ठेवणारी, मंत्र्यांच्या भेटीपासून जळीत वॉर्डातल्या गर्दीपर्यंत सगळं निभावणारी ही बाई वैद्यकीय अधीक्षक होऊ शकत नाही, कारण ती खुर्ची डॉक्टरची. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून सुरुवात केलेल्या स्त्रिया रुग्णालय ट्रस्टच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या आहेत. रुग्णालय चालवणं आणि रोगी तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढं मान्य केलं तरी आपल्याकडे शेकडो योग्य उमेदवार आजच तयार आहेत.

आणखी खाली उतरलं की जामखेड लागतं. वेल्लोरला शिकलेलं मेबेल आणि रजनीकांत आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये तिथं आलं. वेल्लोरचं वैद्यकीय शिक्षण आयडा स्कडर या बाईंनी १९१८ मध्ये केवळ मुलींसाठी सुरू केलेलं, हे इथं नोंदवायला हवं. आरोळ्यांनी आधी शिकलेल्या नर्सेस गावागावांत पाठवून पाहिल्या. त्या गावात रमल्या नाहीत आणि गावानंही त्यांना आपलं म्हटलं नाही. मग गावातलीच बाई निवडायचं ठरलं. त्यातल्या पुष्कळ जणी निरक्षर, दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत. एकत्र स्वयंपाक, एका पंगतीला जेवण, मुक्काम, आणि शिकणं. जुनी कार्यकर्ती नवीला शिकवायची. गरोदर बाईचं पोट कसं तपासायचं, अतिसार झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, हे मेबेलताईंनी एकदा सांगितलं आणि पुढं त्यांनीच एकमेकींना सांगितलं. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्या झुंबरांशी केली आणि स्वतःची पणतीशी: झुंबर महाग आणि एका जागी टांगलेलं, पणती स्वस्त, आणि तिच्यावरून दुसरी लावता येते. आरोळ्यांना १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी हेच नातं उलट्या बाजूनं जोडलं. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तर ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. गावच्या दाया आणि म्हाताऱ्या यांच्याकडून बायकांच्या दुखण्यांची भाषा आणि गावातलं स्थान दोन्ही राणीताईंना मिळालं. इथं शिकवणारी आणि शिकणारी यांची जागा बदलली. पुढं राणीताईंच्या 'सर्च' या संस्थेच्या आरोग्यदूत बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि अर्भकं वाचू लागली, तेव्हा सरकारनं तो धडा देशभर नेला.

जामखेड आणि गडचिरोलीच्या अनुभवाची छाया २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आणि 'आशा' योजनेत स्पष्ट दिसते. देशात दहा लाखांहून अधिक आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. कागदावर मात्र त्या स्वयंसेविका, पगार नाही, कामागणिक मोबदला. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशाताई आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक मानधनासाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या. जगानं नेत्या म्हटलेल्या या बाईला तिचं सरकार कर्मचारी म्हणायला तयार नाही.

शेवटी एक अवघड गोष्ट. बाई वर गेली की ती दुसरीला हात देईलच, हे आपण गृहीत धरतो. २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या, आदिवासी तडवी समाजातल्या डॉ. पायल तडवीनं आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला तो तिच्या तीन ज्येष्ठ महिला सहकाऱ्यांवर, आणि प्रकरण न्यायालयात गेलं. निकाल न्यायालय देईल. पण युनिटमध्ये ज्येष्ठ डॉक्टरच्या हाती कनिष्ठाचं सगळं भवितव्य असतं, केस द्यायची की नाही हेही, आणि त्या अधिकारावर कुणाची नजर नसते, हे त्या घटनेनं सगळ्यांसमोर आणलं. गुरू चांगला निघाला तर शिष्येचं भाग्य, नाही तर दाद मागायला जागा नाही. म्हणून निव्वळ व्यक्तींच्या चांगुलपणावर विसंबलेली मेंटॉरशिप मला पुरेशी वाटत नाही. सर्वांत खालच्या पायरीवरच्या मुलीला तिची गरज सर्वांत जास्त असते आणि तिलाच ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

करण्यासारखं फार खर्चाचं नाही. निवासी डॉक्टरांच्या लॉगबुकांतले आकडे मुलगा-मुलगी असे वेगळे करून प्रत्येक विभागानं दरवर्षी जाहीर करावेत. अधिष्ठाता आणि अधीक्षक पदांसाठी कोण पात्र होतं आणि कोण निवडलं गेलं, ते संकेतस्थळावर टाकावं. अधीक्षकपदाचे दरवाजे रुग्णालय व्यवस्थापन शिकलेल्या अधिसेविकांना उघडावेत. आणि आरोग्यमंत्र्यांना विनंती इतकीच की यातलं काही करणार असाल तर सुरुवात खालून करा: गटप्रवर्तकाचं पद नियमित वेतनश्रेणीत आणा आणि ते आशांमधूनच भरा.